जाऊन येणारा संगणक

माझ्या मुलाच्या, नरेशच्या संगणकात दोन बिऱ्हाडं नांदतात. एक विंडोज, ते माझं. दुसरं लिनक्स, ते त्याचं, आयटी पार्कातल्या कामाचं. दोघांत एक सामाईक कपाट आहे. त्याला तो शेअर्ड ड्राइव्ह म्हणतो. प्रिंटर मात्र फक्त लिनक्सचं ऐकतो.

नातीच्या लग्नासाठी मंगलाष्टकाची आठही कडवी मी रचली, एकेक अक्षर शोधत टाइप केली आणि त्या कपाटात ठेवली. साठीनंतर संगणकाची पाटी धरलेल्या बाईला अजून काय हवं?

लग्नाच्या सकाळी नरेश छापायला बसला, तर लिनक्समधून कपाट उघडेना.

"आई, रात्री विंडोज बंद केलंस ना?"

"लग्नघरात बंद कशाला करायचं? दिवासुद्धा आपण विझवत नाही, शांत करतो. मी हायबरनेट दाबलं. त्यानं तो झोपतो आणि परत येतो."

"अगं, पण झोपताना कपाटाची किल्ली उशाखाली घेतो ना तो."

"दादी ने कंप्यूटर को भी संस्कार दे दिए," मेंदीचे हात वर धरून नवरी, इथं उत्तरेत वाढलेली माझी नात ईश्वरी म्हणाली.

सून चारुशीला फोन ठेवून आली. "वऱ्हाड सेक्टर त्रेचाळीसच्या बसतळावर उतरलं. आई, मंगलाष्टकं मोबाईलवर लावूया का?"

माझ्या नातीला मोबाईल आशीर्वाद देणार?

नरेशनं विंडोज चालू केलं आणि शटडाउन दाबलं. मी तोंड फिरवलं. परत लिनक्स; कपाट तसंच. शेवटी त्यानं ऑफिसातल्या अभिषेकला फोन लावला.

"यार, शटडाउन करूनही विंडोज अर्धा जागाच असतो, पुढच्या वेळी लवकर उठायला," तो स्पीकरवर हसला. "रिस्टार्ट कर. तेव्हा किल्ली सोडतो."

"रिस्टार्ट म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"जाऊन येतो म्हणायचं, काकू."

"मग सकाळपासून मी दुसरं काय सांगतेय?"

चारुशीला हसता हसता खुर्चीवरून घसरली. पुन्हा विंडोज उघडून रिस्टार्ट मीच दाबलं. संगणक परत उठताना नरेशनं लिनक्स निवडलं आणि कपाट सताड उघडलं. त्यानं आनंदात प्रिंटचं बटण धडाधड दाबलं, आणि आम्ही गरम कागद घेऊन पळालो.

मांडवात आठवं कडवं म्हणून मी पान उलटलं, तर खाली पुन्हा पहिलं. आठ संपली, की पुन्हा पहिलं. मी सगळी म्हटली. अंतरपाटाआड नवरा मुलगा कुणाल हार धरून ताटकळला होता, आणि ईश्वरी हसू आवरत मुंडावळ्या सावरत होती.