फुगे लावलेली उंच खुर्ची

मी एक जुनी उंच खुर्ची आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, तुम्ही मला फारसे आवडत नाही. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गोड बोलतात. जुनी छत्री काय, फाटके पुस्तक काय, तुमच्या आठवणीने सगळ्यांचा गळा म्हणे दाटून येतो. माझा नाही येत. सात वर्षे मी तुमच्या धाकट्या भावंडांना मांडीवर घेऊन बसते आहे आणि सात वर्षे माझ्या अंगावर शेजवान चटणी सुकते आहे.

जालन्यात लोखंडाला तोटा नाही. तिथल्या औद्योगिक वसाहतीत रामप्रसाद नावाच्या वेल्डरची पत्र्याची शेड आहे, तिथे माझा जन्म झाला. चार उंच पाय, लाल रेक्झिनची बैठक, पुढे ताटली ठेवायला फळी आणि पोटाला बांधायला पट्टा. मला घडी घालून ठेवता यावे म्हणून मागचे दोन पाय त्याने बोल्टवर बसवले. रंग वाळल्यावर तो भला दांडगा माणूस स्वतः माझ्यावर बसला, हलला, डुलला, आणि मगच मला हातावेगळे केले. न्यायला आलेल्या मालकाला त्याने बजावले की दर महिन्याला हे बोल्ट आवळत जा, हे लेकरांचे काम आहे. मालक हो म्हणाला. हो म्हणायला त्याला कधीच त्रास होत नाही.

हा मालक म्हणजे राधेश्याम. बायपासला त्याचे फॅमिली रेस्टॉरंट आहे. नाव मी सांगणार नाही, कारण सांगितले तर येत्या रविवारी तुम्ही हट्ट करून तिथेच याल. आत प्लॅस्टिकच्या चेंडूंचा हौद आहे, घसरगुंडी आहे, भिंतीवर पिझ्झा खाणारा हत्ती रंगवला आहे. कपडेखरेदीला हसनाबादहून आलेली बिऱ्हाडे तिथे थांबतात आणि शहरातले नोकरदार सुट्टीच्या दिवशी तिथे येतात. वरून कीर्तन, आतून तमाशा, असा तो कारभार आहे.

पहिले वर्ष माझे कौतुकाचे गेले. लहान मुलांसाठी वेगळी खुर्ची आहे, असे लोक एकमेकांना सांगत. मुलाला माझ्यात बसवत, त्याच्यासमोर मोबाइल टेकवून ठेवत आणि मंचुरियन गार व्हायच्या आत आपापल्या मोबाइलमध्ये शिरत. मूल रडले की त्याच्या तोंडात फ्रेंच फ्राइज कोंबायचे. मूल हसले की फोटो काढायचा. सहलीला आलात ना तुम्ही, मग एकमेकांकडे बघा तरी, असे मला रोज ओरडावेसे वाटे.

मला पुसायची ती एकटी बेबीनंदा. ती तिथे टेबले पुसते, चेंडूंचा हौद धुते, सांडलेले उचलते. दोन दिवाळ्यांपूर्वी माझ्या मागच्या उजव्या पायाचा बोल्ट गळून पडला आणि झाडलोटीत गेला, तेव्हा पहिल्यांदा कळले ते तिलाच. पाय नुसता जागेवर टेकलेला होता. वरच्या मुलाने मागे रेटा दिला की तो सटकणार आणि मूल डोक्यावर फरशीवर येणार, हे तिने राधेश्यामला दोनदा सांगितले. त्याने त्या सांध्याला काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणाला, "आता दिसत न्हाई ना? मंग झालं." वर तिला तंबी दिली की गिऱ्हाइकासमोर तोंड उघडायचे नाही.

तेव्हापासून बेबीनंदाने एक युक्ती केली. तान्ह्या मुलाचे बिऱ्हाड आले की ती मला कोठीत तेलाच्या डब्यांमागे ढकलायची आणि खुर्ची नाही म्हणून सांगायची. लोक तिच्यावर चिडत, नावापुरते फॅमिली हॉटेल आहे म्हणत. ती ऐकून घ्यायची. तिने थेट खरे सांगायला हवे होते, असे मला तेव्हा वाटे. माझे काय जाते म्हणायला? मला चूल पेटवायची नसते.

मग तो रविवार आला. शैलाबाई नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिकेने आपल्या नातीच्या उष्टावणासाठी अर्धे रेस्टॉरंट राखून ठेवले होते. नात म्हणजे जान्हवी, सातव्या महिन्यातली, नीट बसताही न येणारी. बाळाला पहिल्यांदा अन्न चारतात त्याला उष्टावण म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. बाळाला मामाने मांडीवर घ्यायचे आणि खिरीचा पहिला घास त्याने भरवायचा, अशी रीत. मामाशिवाय ते होत नाही.

मामा आला होता धावड्याहून. अंगद त्याचे नाव, कापसाची शेती करतो. एका हातात खिरीचा डबा, कनवटीला चांदीची वाटी आणि बगलेत चक्क लाकडी पाट. राधेश्यामने दारातच डब्यावर बोट ठेवले, बाहेरचे खायचे आत चालत नाही म्हणाला. त्यावरून पहिली ठिणगी पडली. अंगदने पाट फरशीवर मांडला, तेव्हा दुसरी. शैलाबाईंनी नाक मुरडले. हॉटेलात जमिनीवर कोण बसते, लोक काय म्हणतील, आणि आपण फुगे लावलेली खुर्ची सांगून ठेवली आहे, असे त्यांनी ऐकवले. अंगद म्हणाला, "मावशी, उष्टावण मामाच्या मांडीवर होतं. मला निस्तं फोटोला बोलावलं का?"

शैलाबाई म्हणाल्या की ज्यांना चार माणसांत वागायचे कळत नाही त्यांनी रीती शिकवू नयेत. बाळाचा बाप स्वानंद मध्ये पडला, पण आपल्या आईच्या, म्हणजे शैलाबाईंच्या बाजूने. बाळाची आई शीतल खाली मान घालून पदराशी चाळा करत राहिली, कारण एकीकडे तिचा भाऊ होता आणि दुसरीकडे तिला रोज नांदायचे ते घर. अंगद रुसला. पाट उचलून कोपऱ्यातल्या टेबलाशी पाठ करून बसला.

राधेश्यामने स्वतः कोठीत जाऊन मला शोधून काढले. माझ्या चारही पायांना गुलाबी फुगे बांधले, त्यात ती चिकटपट्टी छान झाकली गेली. खुर्ची मजबूत आहे ना, असे स्वानंदने विचारले. "बिलकुल साहेब," तो म्हणाला. आणि जान्हवीला माझ्यात बसवून पट्टा आवळला.

मित्रांनो, मला मुले आवडत नाहीत हे मी सांगितलेच आहे. पण ते इवलेसे ओझे बैठकीवर आले आणि मी घाबरले. ती फुगे बघून खुशीत आली होती. दोन्ही पाय झाडत होती आणि दर झटक्याला मागे रेलत होती. माझा पाय जागचा सरकू लागला.

तेवढ्यात बेबीनंदा आली. माझ्या मागे उभी राहिली, चप्पल काढली, अनवाणी पाऊल माझ्या मोडक्या पायाला आडवे लावले आणि दोन्ही हातांनी माझी पाठ धरली. 

कोणाच्याच ते लक्षात आले नाही. एकीकडे अंगदची मनधरणी चालली होती, दुसरीकडे शैलाबाई पाहुण्यांना गावाकडच्या लोकांचे नमुने सांगत होत्या. शेवटी मामा येत नाही तर आपणच घास भरवू म्हणून स्वानंदने मोबाइल सरसावला आणि बेबीनंदाकडे बघून म्हणाला, "बाई, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय."

ती हलली नाही. त्याने पुन्हा सांगितले. शैलाबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. एवढे सांगून कळत नाही का, फोटो काय हिचा काढायचा आहे का, असे त्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या. मग राधेश्याम आला. त्याने तिच्याकडे असे पाहिले की मला वाटले, संपले, आता ही पाय काढून घेणार. उद्यापासून येऊ नको म्हणून सांगेन, असे तो दातओठ खात पुटपुटला.

बेबीनंदा त्याच्याकडे न बघता शीतलला म्हणाली, "बाई, मी सरकले तं लेकरू पडंल. ह्या खुर्चीचा पाय मोडेल हाये."

 हिचे डोके फिरले आहे, असे काहीतरी राधेश्याम म्हणू लागला, तोवर शीतल उठली होती. तिने सासूकडे पाहिले नाही, नवऱ्याकडे पाहिले नाही. पट्टा सोडून लेकीला उचलले, तरातरा कोपऱ्यात गेली आणि रुसलेल्या भावाच्या मांडीवर तिला ठेवले. मग बेबीनंदाने पाऊल काढले. मी आडवी झाले. फळीचा कोपरा फरशीवर आपटून फुटला आणि दोन फुगे फुटले.

त्या आवाजाने शैलाबाई मटकन खाली बसल्या, फरशीवरच. पाट मांडला गेला. अंगदने खीर भरवली आणि भाचीने मिटक्या मारल्या. दुसरा घास शीतलने बेबीनंदाला भरवायला लावला. त्या वेळी शैलाबाईंचा चेहरा कडू कारले खाल्ल्यासारखा झाला. राधेश्यामने सगळ्यांना आइस्क्रीम वाटले आणि खुर्ची आजच भंगारात टाकतो असे अंगदला वचन दिले. हो म्हणाला तो. पाहुणे आइस्क्रीम खाऊन, पोटभर फोटो काढून गेले.

दुसऱ्या दिवशी बेबीनंदाला काढून टाकले. चोर सोडून संन्याशाला फाशी. ती माझी फळी शेवटची पुसून गेली. मी मात्र भंगारात गेले नाही. माझ्या पायाला नवी चिकटपट्टी लागली आहे, या वेळी लाल, रेक्झिनला शोभेल अशी. शनिवारी माझे नाव दोन टेबलांसाठी लिहून ठेवले आहे.

म्हणून मित्रांनो, तुमच्या प्रेमापोटी नव्हे, माझ्या रागापोटी सांगते आहे. फुगे बघू नका, हत्ती बघू नका. आपल्या धाकट्या भावंडाला कुठल्याही उंच खुर्चीत बसवायच्या आधी खाली वाका, तिचे चारही पाय धरून जोराने हलवा, आणि मोठी माणसे हसली तरी हलवत राहा. कारण माझ्या मागे आता कोणी उभे नाही.