केसभर कललेला खुंट

मामाने आयुष्यभर एकाच कचेरीत नोकरी केली होती, आणि तेवढ्या पुंजीवर तो सगळ्या भाच्यांना सल्ले वाटत असे. धाकट्या भाचीला दातांच्या लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा तो आधी खो खो हसला. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आणि तू नेमकी तिथेच निघालीस!" मग डोळे पुसून गंभीर झाला. "हे बघ चिमणे, नोकरी मिळवताना तोंड उघडायचं, टिकवताना मिटायचं. चूक झाली तर आपण होऊन सांगायला जायचं नाही. सापडली तर बघू."

सल्ल्याचा पहिला भाग तिने आधीच पाळला होता. मुलाखतीत मॅडमनी विचारलं, "प्लॅस्टरचं काम केलंयस?" तेव्हा "सहा महिने" असं तिने ठोकून दिलं होतं. खरं तर सहा महिने तिने ते काम दुसऱ्यांना करताना पाहिलं होतं.

लॅबमध्ये तिघंच. मालकीण म्हणजे मॅडम, सव्वीस वर्षं दातांच्या कॅप घडवणारे काका, आणि ही, जिला दोघंही 'नवी' म्हणत. दवाखान्यातून पेशंटच्या दातांचं रबरी माप यायचं. त्यात प्लॅस्टर ओतून हुबेहूब दातांचा साचा काढायचा, हे नवीचं काम. ज्या दाताला कॅप लागायची तो डॉक्टरांनी कोरून बारीक केलेला असे. त्याला काका खुंट म्हणत. साच्यातल्या त्या खुंटावर कॅप घडवायची, हे काकांचं काम.

पहिल्या दिवशीच काका स्टूल ओढून तिच्याजवळ बसले होते. "प्लॅस्टर घट्ट होईपर्यंत ओढायचं नाही. घाई केली की खुंट मोडतो. मोडला तर रडू नकोस, माझे टोपलीभर मोडलेत. मला सांग, अर्ध्या तासात दुसरा ओतू. फक्त चिकटवू नकोस. कितीही जपलंस तरी केसभर कलतोच. आणि तोंडात केस आला तर जिभेला कळतो की नाही?"

"कळतो," ती हसून म्हणाली होती.

तिसऱ्या महिन्यात, कायम होण्याची तारीख आठ दिवसांवर आली असताना, एका सकाळी तिच्या हातात खुंट मोडला. आठवड्यातला तिसरा. काका फोनवर होते, मॅडम आत बिलं बघत होत्या. काकांना हाक मारायला तिने तोंड उघडलंही. पण सहा महिने अनुभव असलेल्या मुलीचे आठवड्यात तीन खुंट कसे मोडतात, हा प्रश्न तिला मॅडमच्या आवाजात ऐकू आला. तिने तोंड मिटलं, डिंकाचा एक थेंब टाकला, खुंट जागेवर दाबला आणि जोडावर ओल्या ब्रशने प्लॅस्टरचा हलका हात फिरवला. साचा काकांच्या ट्रेमध्ये ठेवताना तिचा जीव भांड्यात पडला.

आठ दिवसांनी मॅडमनी तिला कायम केल्याचं पत्र दिलं. "तुझं काम स्वच्छ आहे." घरी मामाने टाळी दिली. "बघ! मिटलं की टिकलं!"

त्यानंतर चारच दिवसांनी त्या चिकटवलेल्या खुंटावर घडवलेली कॅप परत आली. पेशंट दवाखान्यात तीनदा येऊन गेला होता. डॉक्टरांनी दोनदा घासून पाहिली, तरी एकच कोपरा आधी लागायचा आणि दुसरीकडच्या फटीत घास अडकायचा. मॅडमनी कॅप काकांच्या पुढे ठेवली.

"काका, डोळे तपासून घ्या म्हणून मी वर्षभर सांगतेय. असं करू या, कॅपचं काम थोडे दिवस बाहेरून करून घेऊ. तुम्ही साचे ओता, नवीला मदत होईल."

काकांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. पुन्हा लावला. "बरं," एवढंच म्हणाले.

नवी पाठमोरी उभी राहून वाटीत प्लॅस्टर ढवळत होती. ते केव्हाच घट्ट होत आलं होतं, तरी ढवळत होती. आता वळून बोलायचं, असं तिने चारदा ठरवलं. चारही वेळा दातखीळ बसली. त्या रात्री मामाने विचारलं, "काय गं, तोंड का एवढंसं?" तिला मामाकडेही बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आपला चहाचा कप घेऊन तिच्या टेबलाशी आले. "नवे, कुठली वाटी घेऊ? आता मी तुझ्या हाताखालचा. मोडला तर ओरडू नकोस हं."

ते खरंच गंमत करत होते. ती गंमत तिला सहन झाली नाही.

"काका, तो खुंट मी मोडला होता. मोडून चिकटवला होता."

"कुठला?"

"परत आलेल्या कॅपचा."

काकांनी कप खाली ठेवला. ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं. त्यांनी मॅडमना हाक मारली आणि नवीला म्हणाले, "पुन्हा सांग. त्यांच्यासमोर." तिने सांगितलं. मुलाखतीतल्या सहा महिन्यांचंही सांगितलं, कारण एक ओढलं की दुसरं आपोआप आलं.

मॅडमनी जुना साचा काढून भिंग धरलं. बराच वेळ बघत राहिल्या. "आहे. जोड आहे. म्हणजे काका, तुमची चूक नव्हतीच."

काकांनी हात पुढे केला. भिंगातून पाहिलं, मग भिंग बाजूला ठेवून नुसत्या चष्म्यातून पाहिलं. "तिने खोटं केलं, हे खरं," ते हळू म्हणाले. "पण हा साचा माझ्या हातात दिवसभर होता. पूर्वी मला ही रेघ पलीकडच्या टेबलावरून दिसली असती. डोळ्यांचंही खरंच आहे."

नवीला वाटलं होतं, बोललं की ओझं उतरेल. उतरलं नाही. डोळ्यांबद्दल मॅडम वर्षभर जे सांगत होत्या, ते काकांनी आता स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं, आणि तेही तिच्यामुळे.

मॅडमनी पत्र परत मागितलं. तिने पिशवीतून काढून दिलं. "तीन महिने पुन्हा कच्ची," मॅडम म्हणाल्या. "काका, कॅपचं काम तुमच्याकडेच राहील. डोळे या आठवड्यात तपासायचे. आणि प्रत्येक साचा आधी ही भिंगाखाली बघेल, मगच तुमच्याकडे येईल. या पेशंटची दुसरी कॅप झाली की ती दवाखान्यात पोचवायलाही हीच जाईल. बसेपर्यंत तिथे उभी राहील."

दुसरी कॅप तयार झाली त्या दिवशी दवाखान्यातल्या खुर्चीत एक आजोबा तोंड उघडून बसले होते. डॉक्टरांनी कॅप बसवली, निळा कागद दातांत दिला. "चावा." आजोबा चावले. कागद काढला तर कॅपवर निळे ठिपके सगळीकडे सारखे उमटले होते.

आजोबांनी जिभेने चाचपून पाहिलं. "जमलं बुवा. पंधरा दिवस एकाच बाजूने चावतोय, गाल दुखून आला. चावताना आरशात बघितलं की सशासारखा दिसायचो." दाराजवळच्या मुलीकडे त्यांनी पाहिलं. "तू केलीस का गं ही? हात गुणी आहे हो."

डॉक्टर हात धूत होते. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. नुसती मान डोलावली असती तरी चाललं असतं.

"नाही आजोबा," ती म्हणाली. तिचे कान तापले होते, नजर फरशीवर होती. "ही आमच्या काकांनी केली. आधीची बिघडली, ती माझ्यामुळे."

आजोबांनी गालावर हात ठेवला, जिथे दुखत होतं तिथे. ती त्या हाताकडे बघत उभी राहिली, डॉक्टर "झालं, जा आता" म्हणेपर्यंत.