होडीपुरती वाट

"पाणी कधी उतरतं हो इथलं?" खासदारांच्या सचिवानं विचारलं.

"दोनला उतरायला लागेल. अडीचनंतर होडी खडकावरून जाणार नाही," नेई रोतिया म्हणाली.

खोटं सांगता आलं असतं. सकाळीच म्हाताऱ्या ताबेरूनं तिला बाजूला घेतलं होतं. "चारला उतरतं म्हणून सांग. अडकू दे एकदा. आपण कसे जगतो ते कळू दे मेल्याला." ती हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. पण सत्तावीस वर्षं ती बेटाच्या परिषदेत कारकून होती, भरती-ओहोटीचं कोष्टक दर महिन्याला कचेरीच्या दारावर तीच चिकटवायची. सचिवानं विचारलं आणि तोंडातून खरी वेळ निघून गेली.

सचिवानं मान डोलावली. लिहून मात्र काही घेतलं नाही.

खासदार काबुरे बंगल्याच्या उद्घाटनाला आले होते. राजधानीच्या बेटावरून येणाऱ्या मंत्र्यांना उतरायला म्हणून बांधलेला बंगला. दोन खोल्या, काचेच्या खिडक्या, न्हाणीघरात निळ्या फरश्या, भिंतीवर थंड हवेचं यंत्र. बेटावर वीज नव्हती. मंत्री निवडणुकीच्या तोंडावर तेवढे यायचे. बंगला चार महिन्यांत उभा राहिला. त्याचं सिमेंट, फरश्या, ते यंत्र, सगळं गावच्या पुरुषांनी छातीभर पाण्यात उभं राहून खडकावरून अलीकडे आणलं होतं, कारण जहाज बेटाला लागतच नसे. बेटाभोवती प्रवाळाचा खडक होता. जहाज त्याच्या पलीकडे थांबायचं आणि माणसांनी भरतीच्या वेळी छोट्या होडीतून ये-जा करायची.

खडक फोडून होडीपुरती वाट करून द्या, एवढंच परिषदेचं मागणं होतं. रोतियानं नोकरीच्या पहिल्याच वर्षी तो अर्ज टंकला होता. मग दर वर्षी तोच अर्ज, तारीख बदलून. 'आपला अर्ज विचाराधीन आहे,' असं उत्तरही दर वर्षी यायचं. एकदा दोन परदेशी मोजणीदार आले, तीन दिवस दोऱ्या धरून हिंडले, शेवंडी खाऊन गेले.

अकरा वर्षांपूर्वी रोतियाचा नवरा काइतारा एका अडलेल्या बाईला जहाजावर न्यायला निघाला. ओहोटी लागली होती, पण बाईला थांबता येत नव्हतं. होडी खडकावर उलटली. बाई वाचली, तिचं मूलही वाचलं. काइतारा सापडला दुसऱ्या दिवशी. त्या वर्षीचा अर्जही रोतियानंच टंकला. आता ही काहीतरी वेगळं लिहील असं परिषदेतल्या लोकांना वाटलं होतं. तिनं तारीख बदलली. दुसरं काय लिहायचं ते तिला सुचलंच नव्हतं.

गावच्या सभागृहात, मनेआबात, जेवणं झाली. मासे, भात, नारळाच्या दुधात शिजवलेला कंद. मुलींचा नाच झाला. काबुरेंच्या डोक्यावर फुलांचा मुकुट चढला.

"साहेब," म्हातारी तिरोइया खांबाला टेकून बसल्या जागेवरून ओरडली, "यंदा किती वेळा विमानात बसलात?"

"कामासाठी बसावं लागतं, आजी. समुद्र वाढतोय, जगाला सांगायला नको?"

"सांगा की! पण दर वेळी चाळीस जणांनी जाऊन सांगायचं? जग काय बहिरं आहे?"

मनेआबा हसला. काबुरेही हसले आणि भाषणाला उठले. देशाचं भवितव्य, मित्रराष्ट्रं, बंगला ही फक्त सुरुवात. अडीच वाजले. रोतिया वाकत वाकत कडेनं गेली आणि सचिवाच्या कानाशी म्हणाली, "पाणी चाललं." त्यानं हातानंच थांब म्हटलं. ती जागेवर येऊन बसली. ताबेरू तिच्याकडे पाहून गालात हसला. तिला हसू आलं नाही.

सव्वातीनला जहाजाची होडी निघाली आणि खडकावर बसली. इंजिनाचा पंखा मोडला. चार जणांनी काबुरेंना खांद्यावर घेऊन किनाऱ्यावर आणलं. बूट त्यांनी हातात धरले होते. पोरं टाळ्या पिटत होती. काबुरेंनाही बरं वाटलं असावं, त्यांनी हात हलवला.

ती रात्र त्यांनी बंगल्यात काढली. खिडक्यांच्या काचा उघडणाऱ्या नव्हत्या, म्हणून दार उघडं ठेवावं लागलं. सकाळी ते कचेरीत आले तेव्हा डोळे लाल होते आणि मान डासांनी फोडलेली.

"नेई रोतिया, वाट हवीच इथे," ते म्हणाले. "मी स्वतः पाहिलं काल. कुणी दगावलंय का आजवर?"

"सहा जण."

ती खुर्चीत सरळ झाली. नावं तिच्या जिभेवर होती, वर्षांसकट.

"अरेरे," काबुरे म्हणाले आणि सचिवाकडे वळले. "सहा लिही."

सचिवानं वही उघडली, सहा लिहिलं, वही मिटली.

"आणखी काही?"

"नाही साहेब."

दुपारी भरतीला परिषदेच्या होडीतून त्यांना पाठवलं. पाणी भरपूर होतं. होडी खडकाला न लागता पलीकडे गेली. ढकलायला गेलेले पुरुष निथळत वर आले.

"विचारलं का त्यानं?" ताबेरूनं विचारलं.

"विचारलं."

"मग?"

"आकडा घेतला."

ताबेरू वाळूत थुंकला. "काल चार सांगितलं असतंस तरी एवढंच झालं असतं."

"हो," रोतिया म्हणाली.

ती कचेरीत आली. सभेचं इतिवृत्त त्याच दिवशी पुरं करायची तिची पद्धत होती. टंकयंत्रात कागद घातला. उपस्थित सभासद, उद्घाटन, माननीय खासदारांचं भाषण, आभार. मग वाटेचा विषय. 'माननीय खासदारांनी मृतांची चौकशी केली,' इथपर्यंत टंकून ती थांबली. बाहेर कुणीतरी मोडका पंखा हातोडीनं सरळ करत होतं.

तिनं एकेका ओळीवर एकेक नाव टंकलं, ज्या क्रमानं गेले त्या क्रमानं. काइताराचं नाव चौथं आलं. त्याच्यापुढेही तिनं इतरांसारखंच वय लिहिलं, आणि पाचव्या ओळीवर गेली.