मशीन बंद झाल्यावर

सकाळी लाँड्रीचं शटर वर गेलं की आधी इस्त्र्या तापायच्या, मग सासूबाई. त्या दिवशीही सून जिना उतरून खाली आली आणि त्या कडाडल्या, "खाली कशाला आलीस? गिऱ्हाईक यायची वेळ झालीय. वर हो."

सून वर गेली. कपडे वाळत घालायची ती खोली. तिथंच तिची गादी, तिचं वेगळं ताट, वेगळा पेला. कपडे धुण्यावर जगणाऱ्या त्या घरात तिचे कपडे मात्र निराळ्या बादलीत भिजायचे.

तिला जिभेच्या मुळाशी कॅन्सर झाला होता. किरणांचे उपचार झाले, आणि नेमके झाले. गाठीच्या आकाराप्रमाणे किरणं वळवून डॉक्टरांनी एका बाजूची लाळग्रंथी वाचवली. गाठ गेली. मागं राहिलं कोरडं तोंड, गेलेली चव, मानेवरचा काळवंडलेला पट्टा आणि अंगात मुरलेला थकवा. बरंचसं सुधारेल, थोडं कायमचं राहील, असं डॉक्टरांनी न लपवता सांगितलं होतं. घरचे काय करतील, ते सांगणं डॉक्टरांच्या हातात नव्हतं.

सासूबाईंचं म्हणणं एकच : "एवढी किरणं अंगात घेतलीस, ती जातील कुठं? पोरीला जवळ घ्यायचं नाही." चार वर्षांची चिमी आजीजवळ झोपू लागली. गिऱ्हाइकांना सांगण्यात आलं, सून माहेरी गेलीय. नवरा मान खाली घालून लोकांच्या कॉलरी कडक करत राहिला.

दुपारी वरचं पाणी संपलं. सुक्या घशात बिस्किटाचा तुकडा अडकला. ती धडपडत दाराशी आली, तर बाहेरून कडी. तिनं ठसकत दोन्ही हातांनी दार बडवलं.

"अहो, वर कुणीतरी गुदमरतंय!" खाली दुकानात रांगेतल्या एक शिक्षिका ओरडल्या, तेव्हा कुठं नवरा धावला.

पाणी पिऊन ती सावरली आणि सरळ दुकानात उतरली.

"तमाशा नको, वर जा," नवरा पुटपुटला.

"नाही जाणार. डॉक्टरांसमोर तुम्ही होता ना? काय म्हणाले ते सांगा सगळ्यांना."

त्यानं इस्त्री उचलली.

"मग मीच सांगते. मशीन बंद झालं की किरणं संपली. माझ्या अंगातून काहीएक बाहेर पडत नाही. पोरीला खुशाल मांडीवर घ्या म्हणाले. यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे!"

सासूबाईंनी लेकाकडं पाहिलं. "खरं का रे?"

"तू ऐकलं नसतंस," तो म्हणाला. "आणि लोकांनी कपडे टाकणं बंद केलं असतं."

त्याच शिक्षिका पुढं झाल्या. "माझे कपडे परत द्या. धुतले नसले तरी चालतील."

सुनेनं स्वतः गठ्ठा काढून दिला. बाईंनी तो बोटांच्या टोकांनी उचलला. त्यांच्यामागं आणखी दोघं निघून गेले.

चिमी आजीच्या आडून बघत होती. "आई, तू भाजतेस?"

आईनं वाकून मान पुढं केली. पोरीनं काळ्या पट्ट्यावर एक बोट टेकवलं, चटकन मागं घेतलं, उलटसुलट करून निरखलं. मग अख्खा तळवा ठेवला आणि गळ्यातच पडली.

सून पुन्हा वर राहायला गेली नाही. दुकानात उभी राहून ती आता इस्त्री करते, घोट घोट पाणी पीत. रांगेतले शहाणे दुसऱ्या लाँड्रीत जातात. त्यांच्यात आपण आहोत का, हे ज्याचं त्यानं पाहावं.