रिकामी वाटी

देशाची सरहद्द काल सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली. काटेरी तार, चौकी, जवान, चौकीतला कुत्रासुद्धा. दूधवाला पलीकडे राहिला, तर त्याच्याकडे व्हिसा मागितला. आमच्याकडे चहा कोराच झाला.

मला कारण ठाऊक होतं. मी परराष्ट्र खात्यात, मदत विभागात आहे. शेजारच्या डोंगराळ देशाला वाटीभर शिरा पाठवायचा, हे आमचं काम. आता शेजाऱ्याची वाटी कुणी रिकामी परत करतं का? तिकडून ती जर्दाळू घालून यायची. जर्दाळू काढले की वाटीच्या तळातून बातमी ऐकू यायची. अमक्या खिंडीत अनोळखी माणसं हिंडताहेत, तमका पूल सांभाळा. त्या जोरावर आमची सरहद्द कुठल्या कुठे लांब, निवांत पडून असायची.

मग आमचे कारखानीस साहेब म्हणाले, "शिरा बंद. तुपाची गरज बंदुकांना जास्त आहे."

"अहो साहेब, निदान चिमूटभर साखर तरी घालू द्या वाटीत."

"हेमलताबाई, हे सरकार आहे. तुमचं स्वयंपाकघर नव्हे."

वाटी रिकामी गेली आणि सरहद्द गल्लीत आली. पलीकडची माणसं भली, त्यांनी पुन्हा जर्दाळू पाठवले. साहेबांनी ते खाल्ले आणि वाटी पुन्हा तशीच धाडली. तार फाटकातून आत आली. साहेबांनी बिया तेवढ्या खिडकीतून फेकल्या, त्या परदेशात पडल्या.

दुपारी सरहद्द घरात शिरली. माझी केतकी मागच्या खोलीत आरशासमोर वेणी घालत होती. तार तिच्या आणि माझ्या मधून गेली.

"आई, रिबन दे ना," केतकी म्हणाली. एक वेणी झाली होती, दुसरी सुटीच होती.

मी हात पुढे केला. जवान म्हणाला, "पलीकडे काही द्यायला मनाई आहे."

"अरे, रिबन आहे मेल्या!"

"रिबन ही मदत झाली."

 मी तडक साहेबांकडे गेले. कार्यालय परदेशात गेल्यामुळे ते आता आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसत. झारे-पळ्यांच्या खुंट्यांना बंदुका टांगल्या होत्या.

"साहेब, पोर पलीकडे राहिली हो माझी!"

"परराष्ट्र खात्याकडे अर्ज करा."

"आपणच परराष्ट्र खातं आहोत."

"मग अर्ज मिळाला असं समजा. आणि बघा, देश राखायला किती सोपा झालाय. बसल्या जागेवरून सगळा दिसतो."

कपाळ माझं! घरात रवा नव्हता, साखर नव्हती. साहेबांचा डोळा लागल्यावर मी एका बंदुकीच्या नळीत बोट घातलं. बोटभर तूप निघालं, काळं, दारूगोळ्याच्या वासाचं. तेच वाटीला लावलं आणि तारेपाशी नेलं. जवानाने वास घेतला.

"हे शस्त्र आहे," तो म्हणाला आणि वाटी लख्ख पुसून पलीकडे दिली.

तार पुन्हा सरकली, देश म्हणून ओटा आणि त्यापुढची एक फरशी तेवढी उरली. साहेब उठून खाली उतरायला गेले, ते परदेशात उतरले. त्यांनी लगेच दोन्ही हात वर केले. जवान त्यांना घेऊन गेला.

मग तारेपलीकडे केतकी आली. दोन्ही वेण्या घातलेल्या, रिबन लाल. आमच्या घरात लाल रिबन नाही. तिच्या हातात वाटी होती, शिगोशीग भरलेली. वर शिक्का होता, तिथल्या जनतेकडून इथल्या जनतेला भेट. इथली जनता म्हणजे मी. मला इतकी भूक लागली होती, मी लाज न बाळगता खाल्लं.

जर्दाळू संपले तसा वाटीच्या तळातून केतकीचा आवाज आला. "आई, तार आता हलणार आहे. लवकर कर."

समोरच्या केतकीचे ओठ मिटलेले होते. मग ते उघडले.

"बाई," ती अदबीने म्हणाली, "वाटी परत द्या."

तार माझ्या टाचांना लागत होती. वाटीत घालायला काही मिळतं का, म्हणून मी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. मग वाटी फरशीवर ठेवली, चपला काढल्या आणि उजवा पाय आधी वाटीत टाकला.