मंगळवारचा दुधी

ह्यांची साखर वाढल्याचं मला कळलं ते किल्लीवरून. सिन्नरच्या एका कारखान्याच्या कामगारांची बस हे चालवायचे. पहाटेची पाळी, म्हणून बसची किल्ली रात्री आमच्याच घरी, दाराजवळच्या खिळ्याला असायची. त्या संध्याकाळी हे आले आणि किल्ली हातातच धरून खाटेवर बसून राहिले.

"काय झालं?"

"तपासणी होती कंपनीत. साखर लय निघाली. डॉक्टर म्हणाले, मार्चअखेर परत बघू. उतरली नाही तर गाडी देता येणार नाही. घाटात बसभर माणसं घेऊन चक्कर आली तर काय करणार?"

"आली होती का कधी?"

हे किल्ली बोटांत फिरवू लागले. सिन्नरच्या वाटेवरचा मोहदरीचा घाट मीही पाहिलेला आहे. मी पाणी आणायला उठले.

गोळ्या सुरू झाल्या. सोबत डॉक्टरांनी खाण्याचं सांगितलं होतं. साखर बंद, पोळी, भात, बटाटा अगदी कमी. डाळी, भाज्या, अंडी, दही चालेल. खरं सांगायचं तर पोळ्या कमी म्हटल्यावर मला पहिल्यांदा कणकेची परात आठवली, ह्यांची तब्येत नंतर. द्राक्षांचा हंगाम होता. पिंपळगावकडच्या पॅकिंगच्या शेडवर मी घड साफ करायला जायचे आणि त्यांची जीप उजाडताना सिडकोच्या कोपऱ्यावर उभी राहायची. त्याआधी पाणी भरायचं, ह्यांचा डबा, पोरीचा, रोशनीचा डबा आणि तिच्या दोन वेण्या. तिला वेणी घालताना माझं एक लक्ष गॅसवर असे, म्हणून एक वेणी नेहमी वर जायची.

तर मी आपलं सोपं शोधलं. रात्री मूग भिजत घालायचे, सकाळी मिरची-आल्याबरोबर वाटून दोन धिरडी टाकायची. कोबी बारीक चिरून मोहरी-कढीपत्त्यावर परतला की उप्पीटासारखा दिसतो. चव उप्पीटाची लागत नाही, पण भुकेल्या माणसाला तेवढी चौकशी करायला वेळ नसतो. नाहीतर अंड्याची भुर्जी आणि मेथी, एकाच तव्यात.

ह्यांना जड गेलं. बसवरचा क्लीनर यादव डब्यात डोकावून म्हणायचा, "रंगनाथभाऊ, वहिनी रुसल्या का? नुसता पालाच हाय." मग हे डबा घेऊन पाठीमागच्या सीटवर जायचे. मला म्हणाले, "पोळी नसली की आजाऱ्याचं जेवण वाटतं गं." तरी खात होते. किल्ली जाण्यापेक्षा कोबी बरा.

आणि एक दिवस देवीच्या गडावर जाऊन आले ते नवस बोलूनच. साखर उतरेपर्यंत मंगळवार आणि शुक्रवार, देवीचे उपास करायचे.

मला बरंच वाटलं. आठवड्यातले दोन दिवस पोटाला विश्रांती आणि मलाही. साबुदाणा रात्री भिजवला की सकाळी खिचडी चटकन होते. बटाटा, दाण्याचा कूट, वर खोबरं. पोटात काही नाही म्हणून मी डबा मोठा द्यायचे, सोबत उकडलेलं रताळं. उपासाच्या दिवशी यादवही चमचा घेऊन शेजारी बसायचा.

फेब्रुवारीत मध्येच एकदा रक्त तपासून घेतलं. साखर आधीपेक्षा जास्त.

"एवढा कोबी खाऊन?" मी म्हटलं.

हे चिडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "देवीच्या मनातच नसेल." आणि पुढच्या आठवड्यापासून गुरुवारही धरतो म्हणाले.

त्या रविवारी मी सुती साड्यांना खळ करत होते. भाताची पेज नव्हती, म्हणून उरलेला साबुदाणा उकळत घातला. ढवळता ढवळता तो पारदर्शक झाला, घट्ट झाला, पळीला चिकटून राहिला. आई पेजेची खळ करायची, तीही अशीच चिकटायची. साडी दोन्हींनी सारखीच ताठ व्हायची. माझा हात थांबला. भात बंद केला आणि त्याच्या सख्ख्या भावाला आठवड्यातून दोनदा डबा भरून जेवायला घातला! बरोबर बटाटा आणि रताळं करवल्यांसारखे. डॉक्टरांनी बटाटा कमी म्हटलेलं माझ्या कानावर होतं, पण उपासाचा बटाटा वेगळा असतो असं कुठेतरी मनात बसलेलं.

ह्यांना सांगितलं तर उठूनच बसले. "नवस मोडू म्हणतेस?"

"नवस नाही हो, खिचडी मोडू."

"उपासाला खिचडी नको तर मग खाऊ काय?"

सासूबाई तेव्हा गावाकडून, देवळ्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. भिंतीला टेकून शेंगा सोलत होत्या. त्यांना ऐकू कमी येतं असं घरात सगळे समजतात.

"रंगनाथ," त्या म्हणाल्या, "तुझ्या आजीनं जल्मभर देवीचे उपास केले. साबुदाना तिनं डोळ्यानं तरी पाह्यला व्हता का? काकडी खायची, ताक प्यायची, मूठभर शेंगा. देवी काय रुसली का तिच्यावर?"

हे आईच्या शब्दाबाहेर कधी जात नाहीत. पुढ्यातल्या शेंगा तेही सोलू लागले.

मंगळवारी मी दुधी किसला, घट्ट पिळला. तुपात जिरं-मिरची घालून परतला, वर सढळ हातानं कूट, लिंबू. बटाटा नाही. दिसायला अगदी खिचडी. सोबत दही आणि काकडीची कोशिंबीर. खिचडीपेक्षा लवकर झालं. त्या दिवशी रोशनीच्या दोन्ही वेण्या सारख्या आल्या.

संध्याकाळी डबा रिकामा आला. "यादव म्हणाला," हे हात धुता धुता सांगू लागले, "वहिनी खिचडीत साबुदाणा घालायला विसरल्या."

"मग?"

"मग आणखी चमचाभर मागितला."

मार्चअखेरीला तपासणी झाली. शेडवर दिवसभर माझी कात्री खराब सोडून घडातल्या चांगल्या मण्यांवरच चालत होती, मुकादमीण दोनदा ओरडली. घरी आले. हे अजून आले नव्हते. मी स्वयंपाकाला लागले, पण पाठ दाराकडे करवेना. ते आले तेव्हा मी तोंडाकडे पाहिलंच नाही, हाताकडे पाहिलं.

त्यांनी किल्ली खिळ्याला लावली.

"पुरती नाही उतरली," ते म्हणाले. "पण गाडी चालवा म्हणाले. जूनमध्ये परत बोलावलंय."

म्हणजे संपलं नव्हतंच. पण किल्ली आपल्या जागी होती. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि ह्यांना न देता स्वतःच खाल्ली.

रात्री जेवताना मी विचारलं, "उपास आता सोडायचे ना?"

"पुरती उतरेपर्यंत बोललोय." हे धिरड्याचा तुकडा मोडत थोडं थांबले. "आणि उतरली तरी मंगळवारचा दुधी राहू दे. थोडा जास्त कर. यादवची बायको विचारत होती, कसा करतात म्हणून. त्याचीही साखर निघालीय."