सड्यावरची काळी माती

लीलाबाईनं दोन्ही हातांत लेकाचे लष्करातले लोकरीचे पायमोजे कोपरापर्यंत चढवले, पदर खोचला आणि चाफ्याच्या बुंध्याशी उकिडवी बसून गाजरगवताचं पहिलं रोप मुळासकट उपटलं. मोजे जयराजला लडाखच्या बर्फासाठी मिळाले होते. ते त्याच्या आईच्या हातात जाऊन मेटाच्या सड्यावर खुरपणीला लागतील, हे विणणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल. पण उघड्या हातानं उपटलं की तिच्या मनगटापर्यंत फोड उठायचे, आणि ते फोड कशानं आले हे वाडीत सगळ्यांना सांगत बसायची तिची तयारी नव्हती.

मेटाचा सडा म्हणजे वाडीच्या डोक्यावरचं जांभ्या खडकाचं पठार. त्याच्यावर माती असली तर बोटभर. तेवढ्याच मातीत श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं, गेंद, तेरडा असं काय काय फुलायचं, की गुरं हाकायला आलेल्या माणसालाही पाऊल टाकताना चोरट्यासारखं वाटावं. एवढ्या माळावर झाड म्हणून एकच होतं, हा चाफा. छातीएवढा वाढलेला आणि वाऱ्यानं एका अंगाला कललेला. तो विजयाक्काचा.

विजयाक्का म्हणजे इस्लामपूरकडच्या भरतेशअण्णांची बायको. दोघं नवरा-बायको ऊस पिकवायचे आणि महिन्यातून एका रविवारी डोंगर चढणाऱ्यांच्या ग्रुपबरोबर इकडं यायचे. बाकीची मंडळी फोटो काढत फिरायची. विजयाक्का मात्र आधी लीलाबाईच्या अंगणात बसून चहा घ्यायची, मग वर येऊन एका ठरलेल्या दगडावर बसायची. कर्करोगानं ती सहा महिन्यांत गेली. त्या उन्हाळ्यात अण्णांनी घरच्या दारातल्या चाफ्याची फांदी आणली आणि सोबत दोन पोती काळी माती. बायकोनं तीस वर्षं ज्या शेतात खुरपं चालवलं, त्याच शेतातली. त्या दगडाजवळच्या खडकातल्या खळग्यात त्यांनी ती माती भरली, फांदी रोवली आणि जैन मुनिमहाराजांसमोर नियम घेतला, की झाड आहे तोवर दर महिन्याला आपल्या हातानं पाणी घालीन. सूट फक्त चातुर्मासाची. त्या दिवसांत झाडाला आभाळ पाणी देतं, आणि हिरवळ तुडवायची नाही हा त्यांचा आधीपासूनचाच नियम होता.

आणि नेमक्या त्याच चार महिन्यांत अण्णांच्या मातीतून गाजरगवत निघायचं.

पहिल्या वर्षी चार रोपं निघाली. लीलाबाईनं उपटली, म्हणाली, चला संपलं. दुसऱ्या वर्षी चांगली दोन पाट्या भरून निघाली. यंदा तर वळवाच्या पावसातच डोकी वर काढून ते खळगा सोडून दहा पावलं पुढं सरकलं होतं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, आणि ते जिथं बसतं तिथं दुसऱ्या कशाला जागा देत नाही. खाली रस्त्याकडेला त्याचं रान माजलेलंच होतं. सडा तेवढा वाचला होता.

हे अण्णांना सांगायचं कसं? कार्तिकात ते यायचे, तोवर लीलाबाईनं सगळं साफ केलेलं असायचं. अण्णा चाफ्याच्या खोडावरून हात फिरवून म्हणायचे, "बघा ताई, आमच्या मातीत ताकद हाय." आणि लीलाबाई म्हणायची, "हाय की."

तिनं चौथं रोप उपटलं तेवढ्यात कमरेचा फोन वाजला. वाडीत रेंज नव्हती, सड्यावर मात्र चांगली होती. फोन प्रांजलचा होता. ही त्या ग्रुपमधली, इस्लामपूरला शाळेत शिकवणारी मुलगी.

"मावशी, रविवारी येतोय आम्ही. पंचवीस जण आहोत, चहा जास्त टाका."

"या की. पर अण्णा या दिवसांत कसं?"

"चातुर्मास लागायच्या आत काकांना उरकायचंय. वीस झाडं लावणार आहोत सड्यावर. डोंगरानं आपल्याला एवढं दिलं, आपण काही परत द्यायला नको का? विजयाकाकूंचा चाफा कसा जगला ते सगळ्यांनी बघितलंय ना. माती काकाच देणार आहेत, त्यांच्या शेतातली. चाळीस पोती."

"चाळीस?"

"एका झाडाला दोन. आपल्या ग्रुपमधल्या रविराजच्या टेम्पोतनं आणतोय."

फोन बंद झाल्यावर लीलाबाईनं खाली बघितलं. चार रोपं तिच्या पायाशी पडली होती आणि बाकीची सगळी उभी होती, वितीएवढी, तजेलदार. तिनं हातातले मोजे काढले, एकमेकांत गुंडाळून कमरेला खोचले आणि बाकीचं गवत तसंच ठेवून ती डोंगर उतरली.

तिचा नवरा आकाराम सोप्यात गुडघ्याला तेल चोळत बसला होता.

"लवकर आलीस. झाली झाडाची हजामत?"

"न्हाई केली." तिनं चाळीस पोत्यांचं सांगितलं. "त्येंच्या डोळ्यानं दिसू दे आता."

आकारामचा हात थांबला. एरवी तो टोमण्याशिवाय बोलायचा नाही, पण आत्ता त्याचा आवाज मऊ झाला. "बाई गेली, त्या माणसाला एक झाड ऱ्हायलंय. त्येबी काढून घेतीस व्हय?"

लीलाबाईला ते फार लागलं. तिला तरी कुठं काढून घ्यायचं होतं? विजयाक्काच्या हातचा बेसनाचा लाडू अजून तिच्या जिभेवर होता. पण पहिल्या वर्षी तोंड उघडलं असतं तर चार रोपांवर भागलं असतं, हेही तिला कळत होतं. आपण माया म्हणून गप्प बसलो आणि त्या मायेची चाळीस पोती झाली, या विचारानं तिला स्वतःचाच राग आला.

रविवारी टेम्पो वाडीत शिरला. पोरं-पोरी भराभर उतरली, कुदळी निघाल्या, रोपांचे क्रेट निघाले. सगळ्यांच्या अंगावर सारखे हिरवे टीशर्ट होते. अण्णा पुढं बसले होते, पांढरी टोपी आणि कॅनव्हासचे बूट घालून. त्यांच्या चेहऱ्यावर लग्नघरातल्या यजमानाची लगबग होती. लीलाबाईनं सगळ्यांना चहा दिला. रविराजनं पहिलं पोतं खांद्यावर घेतलं तशी ती पायवाटेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

"पोती ऱ्हाऊ द्या खाली. आदी अण्णा आन् मी वर जाऊन येतो. तुमी दम खावा जरा."

प्रांजल काही बोलणार होती, पण अण्णांनी मान हलवली. "जागा दावायची असंल त्यास्नी. चला ताई."

चढताना अण्णाच बोलत होते. माती कुठल्या वाफ्यातली, शेणखत किती घातलं, सगळं. "आन् चाळून घेतलीया ताई. चाळीसच्या चाळीस पोती मी सवता चाळणीनं चाळली. खडा म्हणून घावायचा न्हाई."

लीलाबाईच्या मनात आलं, खडा चाळणीवर राहतो, बी खाली पडतं. ती पुढं चढत राहिली.

वर धुकं होतं. अण्णा नेहमीसारखे सरळ चाफ्याकडे गेले, त्यांनी खोडाला हात लावला, एक पान उलटंपालटं करून बघितलं. मग त्यांनी खाली पाहिलं. शेतकऱ्याला हे गवत ओळखायला काय लागतं? ते वाकले, एक रोप उपटून त्यांनी मूळ पाहिलं. मुळाला काळी माती होती. मग पुढचं रोप, मग त्याच्या पुढचं, असे ते दहा पावलं चालत गेले आणि जिथं काळी माती संपून तांबडा खडक लागला तिथं थांबले.

"हे आमच्या बांधावरचं," ते म्हणाले.

"व्हय."

"किती वरसं?"

"यंदाचं तिसरं."

"आन् उपटत कोन हुतं?"

लीलाबाईनं कमरेचे मोजे काढून हातात धरले, एवढंच. अण्णांनी मोज्यांकडे बघितलं, मग तिच्या मनगटावरच्या जुन्या डागांकडे. मग ते विजयाक्काच्या दगडावर जाऊन बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. एवढा उंच माणूस बसल्यावर इतका लहान दिसेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"चूक माझीबी हाय अण्णा," ती म्हणाली. "पयल्याच वरसाला सांगाय पायजे हुतं. तुमच्या तोंडाकडं बघून धीर झाला न्हाई."

"ती असती तर पयल्याच वरसाला माझा कान धरला असता." अण्णा हसले, पण डोळ्यांत पाणी होतं. ते त्यांनी पुसलंही नाही. "माती काढल्याबिगर हे जायचं न्हाई. आन् मातीत झाड हाय. जितं झाड मी तोडायचा न्हाई ताई. हे तर तिचं हाय."

"तोडा म्हणतंय कोन? चाफा हाय त्यो. मुळं उघडी करून उचलला तरी जगतुया." ती जवळ आली. "माझ्या अंगणात अक्का बसायची, तिथं जागा हाय."

धुकं एकदा विरलं, पुन्हा दाटलं. मग अण्णांनी टोपी डोक्यावर घातली आणि खिशातून फोन काढला. "प्रांजल, समद्यास्नी घेऊन वर ये. पोती नको. दोन रिकामी तेवढी आण."

रोपांचे क्रेट खालीच राहिले याचं पोरांना वाईट वाटलं, आणि प्रांजलनं तसं बोलून दाखवलं. "मग काका, आज आपण डोंगराला काहीच द्यायचं नाही?"

"आदी आपलं आपन घिऊन जाऊ," अण्णा म्हणाले. "द्यायचं मग बघू."

पंचवीस माणसं दुपारपर्यंत ओळीनं वाकून गवत उपटत होती. हातमोजे कुणाकडेच नव्हते, म्हणून कुणी पिशव्या बांधल्या, कुणी रुमाल. लीलाबाई मागून फिरून कुणाचं मूळ तुटलं ते बघत होती आणि शाळामास्तरणीलासुद्धा पुन्हा वाकायला लावत होती. खळग्याला मात्र अण्णांनी कुणाला हात लावू दिला नाही. त्यांनी चाफा मोकळा केला, मुळांत बोटं घालून माती झटकली आणि ओंजळी-ओंजळीनं पोत्यात भरली. शेवटी तळाशी चिखल उरला तो त्यांनी पंच्यानं टिपून घेतला. ओली पोती जड झाली होती. पोरं पुढं सरसावली, पण दोन्ही पोती अण्णांनीच दोन खेपांत खाली आणली. चाफा रविराजनं आणला, बाळंतघरातून पोर आणावं तसा दोन्ही हातांवर घेऊन.

अंगणात आकारामनं तोवर खड्डा काढून ठेवला होता, दुखऱ्या गुडघ्यानं. चाफा उभा केला तेव्हा लीलाबाईला राहवलं नाही.

"एक मूठ तरी टाका तुमच्या शेतातली. झाडाला वळखीची व्हईल."

"नको. तुमचीच घाला," अण्णा म्हणाले. "तिला तुमच्या घरचं समदं चालायचं."

बेचाळीस पोती टेम्पोत परत चढली. निघताना अण्णांनी तांब्याभर पाणी मागून घेतलं, आपल्या हातानं चाफ्याला घातलं आणि चातुर्मासानंतर येतो म्हणाले.

महिन्याभरात चाफ्याची सगळी पानं गळाली. लीलाबाई रोज सकाळी त्याच्याकडे बघायची आणि तोंड फिरवायची. मग श्रावणाच्या अखेरीस शेंड्याला दोन हिरवे कोंब दिसले आणि तिनं आकारामला दारातूनच हाक मारली, घरात चोर शिरल्यासारखी.

भाद्रपदात एके सकाळी ती गुरं घेऊन सड्यावर गेली. सगळा सडा निळा-जांभळा झाला होता. चाफ्याच्या जागी खळग्यात नितळ पाणी साठलं होतं. आणि त्याच्या काठावर, खडकाच्या फटीत, गाजरगवताचं एक रोप उगवलं होतं. बोटाएवढंच. लीलाबाईचा हात सवयीनं पुढं गेला. मग तो तिनं मागं घेतला आणि कमरेचा फोन काढला.

"अण्णा, एक निगालंय."

पलीकडे मंदिरातली घंटा वाजत होती.

"उपटू नका," अण्णा म्हणाले.

"आवं बोटाएवढं तर हाय. टाकते की मी काढून."

"नको ताई. त्ये माझं हाय. मी येतो, दुपारपतूर पोचतो."

"चातुर्मास हाय न्हवं? आन् समदीकडं फुलं हाईत. पाय कुटं ठेवचीला?"

"खडकाखडकानं यीन. तुमी फुडं चाला, मी तुमच्या मागनं."

लीलाबाईनं फोन ठेवला. गुरं चरत चरत खळग्याच्या दिशेनं येत होती. तिनं उठून त्यांना हुसकलं, इकडचे तिकडचे चार दगड उचलून त्या रोपाभोवती नीट रचले, आणि विजयाक्काच्या दगडावर टेकून, तीन वर्षांत पहिल्यांदाच, गाजरगवताची राखण करत बसली.